अर्ध्या घोड्याचा पोळा

आमच्या घराण्याचं मानचिन्ह म्हणजे लाल घोडा. तो एका झुलीवर भरलेला होता आणि ती झूल बैलाची नव्हे, हत्तीची. आमचा मूळपुरुष सरदार होता. निजामाच्या फौजेत की नागपूरकरांच्या, हे सांगणाऱ्याच्या तब्येतीवर ठरायचं. हत्ती असा की आमच्या फुलसावंगीत उभा राहिला तर सावली महागावात पडायची. हत्ती गेला, सरदारी गेली, झूल तेवढी उरली.

वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा शेत, विहिरीचं पाणी सगळं गोडीत वाटलं गेलं. झुलीवर अडलं. शेवटी पंचांनी कात्री मागवली आणि घोडा पोटातून उभा कापला. आमच्याकडे डोकं, उचललेला पाय, वरचा सूर्य आणि तलवारीची मूठ आली. काकांकडे शेपूट, मागचे पाय, चंद्रकोर आणि तलवारीचं पातं.

मग अर्थ लावायची चुरस लागली. वडील सांगत, उचललेला पाय म्हणजे सरदार चाल करताना पडला, आणि सूर्य म्हणजे भरदिवसा, सगळ्यांदेखत. काका सांगत, रोवलेले मागचे पाय म्हणजे माघार नाही, आणि चंद्र म्हणजे तुम्ही झोपलात तेव्हाही पहारा आमचाच. मूठ धरून बसा, धार आमच्याकडे आहे, असं वर चिडवत. वडील म्हणत, लीदही तुझ्याकडेच.

पण पोळ्याला दोघंही झुली काढत. तोरणाखाली आमचा बैल पुढे, काकांचा त्याला चिकटून मागे. घोडा पुरा व्हायचा. मधे आमच्या बैलाची शेपटी आणि काकांच्या बैलाचं मुंडकं यायचं, म्हणून तो अख्ख्या जिल्ह्यातला सगळ्यात लांब घोडा होता. ढाणकीहून आलेल्या पाहुण्यांची तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघता बघता मान धरायची. त्या घोड्यासमोर दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहत, आणि वाटणी झाली होती हे मी विसरून जाई.

पुढे वडील गेले. काकांचे गुडघे गेले, तेव्हा मुलानं त्यांना पुण्याला नेलं. त्यांचा बैल विकला. झुलीचा तुकडा मात्र काकांनी सोबत नेला.

त्यानंतरच्या पहिल्या पोळ्याआधी मी त्यांना फोन केला. म्हटलं, तुमचा तुकडा पाठवा, टेलरकडून जोडून घेतो, एकाच बैलावर पुरा घोडा चढवतो. ते खोकले, मग म्हणाले,

"पाठवतो ना बापू. पण पुरा घोडा तुह्या घरी गेल्यावर मी पोळ्याले कायले येऊ?"

"नका पाठवू काका."

"मंग माही जागा धरून ठेव."

तेव्हापासून मी दर पोळ्याला आमच्या बैलामागे एका बैलाची जागा सोडतो. मागचे शेजारी दरवेळी हटकतात आणि मी दरवेळी नवी थाप मारतो. एकदा काकांनी बैल विमानात बसवला होता. एकदा विदर्भाची हद्द लागताच त्यांचे गुडघे आपोआप बरे झाले होते.

यंदा शेजाऱ्यांनी विचारलंच नाही. त्यांनी आपला बैल स्वतःच मागे ओढून धरला. मला थाप मारायला जागाच उरली नाही. वाजंत्री सुरू झाली, तोरण तुटायची वेळ आली, तसे तेच हळूच म्हणाले, "आता कुठवर आले काका?"

"पुसद सोडलं," मी म्हणालो, आणि रस्त्याकडे बघत राहिलो.