गोदूच्या गुडघ्यातली सुई

"सुई आत आहे," डॉक्टर म्हणाले, "पण कुठे आहे ते मला सांगता येत नाही."

माझी मुलगी गोदू तेव्हा आठ वर्षांची होती. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात ती बाकावर पाय लांब करून बसली होती आणि डॉक्टर अंगठ्याने तिचा उजवा गुडघा चाचपत होते. रक्त म्हणाल तर मोहरीएवढे. त्या ठिपक्याआड बोटभर सुई असेल हे मला स्वतःलाच खरे वाटेना.

डॉक्टरांनी ह्यांना विचारले, सुई अख्खी गेली की तुटून गेली? ह्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुटली," मी म्हणाले.

मी खोटे बोलले. त्याचीच ही हकीकत आहे, आणि घरी शिवणटिपण करणाऱ्या बायकांनी ती वाचावी किंवा कोणाकडून वाचून घ्यावी म्हणून लिहिते आहे. आमचे हे शाळामास्तर, त्यांनीच मला अक्षर शिकवले. त्याचा उपयोग आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडायला होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

झाले ते असे. नौपाड्यातल्या आमच्या बिऱ्हाडात ओसरीवर मी गोधडी शिवायला घेतली होती. सासूबाईंची दोन विटकी लुगडी आणि ह्यांची धोतरे, असे चार थर होते. बाजारातल्या शिंप्याकडे नुकतेच शिवणयंत्र आले होते, त्याच्याकडून एका दिवसात टिपून आणू असे हे म्हणत. पण दुपारची कामे आटोपली की गोधडीशी बसायचे, टाक्यापुढे टाका घालायचा आणि कोणाशी बोलायचे नाही, हे माझे सुख होते. ते मी शिंप्याला कशाला देऊ?

दोरा निळा होता. बाळकुमहून भाजी घेऊन येणाऱ्या म्हातारीने मला गोधडी शिकवली, तिचा तो हट्ट. "धोतराव पांढरा दोरा नको, बाय. टाका दिसला पायजे," ती म्हणायची.

सासूबाईंचे दोन नियम होते. सुई कापडात टोचून उठायचे नाही आणि दोरा दाताने तोडायचा नाही. सुई काढून ठेवायचा आणि कात्री आणायला उठण्याचा मला कंटाळा, म्हणून मी दोन्ही मोडत असे.

त्या दिवशी चुलीवर दूध उतू जाईल म्हणून सुई तशीच टोचून मी आत गेले. गोदू गुडघ्यांवर रांगत गोधडीवरून पलीकडे निघाली आणि किंचाळली. मी धावत आले, तो तिच्या गुडघ्याला चार बोटे निळा दोरा लोंबत होता. दोरा नुसता चिकटला आहे असे मला वाटले. की काहीच वाटले नाही? मी खाली वाकले आणि कातडीला ओठ लावून तो दाताने तोडला, जन्मभर प्रत्येक ओळीच्या शेवटी तोडते तसा. मग सुई शोधू लागले. गोधडी झाडली, उलटी केली, आणि तेव्हा मला कळले. सुई त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

ओढून काढायची दोरी मीच तोडली होती. हे सासूबाईंना सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून सुई तुटली म्हणाले, आणि तेच दवाखान्यात सांगितले.

डॉक्टरांनी पाय फळीला बांधला. पाय हलला की सुई मांसात चालते, म्हणून मुलीला हलू देऊ नका, अंदाजाने चिरले तर सांधा कायमचा जाईल, तेव्हा दोन-चार दिवस पाहू, असे ते म्हणाले. मग ह्यांना बाजूला घेऊन त्यांनी एक इंग्रजी शब्द सांगितला, टिटॅनस. म्हणजे आपला धनुर्वात. पहिली खूण म्हणजे जबडा आखडतो आणि तोंड उघडत नाही. पंधरवडाभर रोज पाहत जा.

दवाखान्यात ठेवलेले माणूस परत येत नाही अशी तेव्हा आमची समजूत. ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाजेवरून तिला घरी आणले.

रोज सकाळी मी भाताचा घास घेऊन म्हणायची, "आ कर." ती आ करी आणि मग मी श्वास सोडी. तिसऱ्या दिवशी तिने तोंड उघडले नाही. मी पुन्हा म्हणाले. दात घट्ट मिटलेले, डोळे माझ्यावर रोखलेले. घास माझ्या हातातून पडला. मी दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि ओरडले असावे, कारण सासूबाई जपमाळ टाकून आल्या. तेव्हा कार्टीने जीभ बाहेर काढून वेडावून दाखवले. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तिच्याआधी मीच रडले.

चौथ्या दिवशी ताप आला. गुडघा सुजून तांब्याएवढा झाला. शेजारणींनी गरम पोटीस बांधायला सांगितले, कोणी लोहचुंबक आणून दिले. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी मात्र देवापुढे उभी राहत नव्हते, मला त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हते. पोर मेली तर ती सुईने नव्हे, माझ्या दातांनी मेली, एवढेच डोक्यात फिरत होते.

सहाव्या दिवशी पुन्हा बाजेवरून दवाखान्यात नेले. पू झाला आहे, तो सांध्यात उतरला तर जीव वाचवायला मांडीपासून पाय कापावा लागेल, म्हणून आजच ऑपरेशन करू, असे डॉक्टर म्हणाले. तुटका तुकडा बारीक, शोधायला तीन-चार ठिकाणी चिरावे लागेल. ह्यांनी मान हलवली.

परपुरुषासमोर मी त्याआधी एका शब्दापलीकडे बोलले नव्हते. पण त्या तीन-चार चिरा ऐकल्या आणि मला राहवले नाही.

"तुटली नाही. अख्खी आत आहे, दोऱ्यासकट. दोरा मी तोडला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "कुठे तोडलात?"

"दातांनी. अगदी कातडीशी."

"कोणत्या रंगाचा?"

"निळा."

त्यांनी गोदूच्या गुडघ्यावरचा ठिपका पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बाई, हे पहिल्या दिवशी सांगितले असते, तर दोऱ्याचे टोक धरून तेव्हाच सुई काढली असती."

ह्यांनी डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली.

क्लोरोफॉर्म म्हणजे गुंगीचे औषध. फडक्यावर थेंब टाकून नाकाशी धरतात. भीती वाटू नये म्हणून गोदूला पाढे म्हणायला सांगितले होते. बाहेरच्या पडवीत मला तिचा आवाज ऐकू येत होता. तीन सक अठरा झाले आणि आवाज बंद पडला. मी तिथेच भिंतीला टेकून पुढचे पाढे म्हणत राहिले, पंधरापर्यंत गेले.

डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातातल्या बशीत सुई होती आणि तिला टिचभर निळा दोरा होता. एकच चीर द्यावी लागली, ठिपक्याच्या जागीच. "पांढरा असता तर रक्तात सापडला नसता," ते म्हणाले. मी त्यांच्या पायांशी वाकले. त्या बाळकुमच्या म्हातारीचे पाय मी मागाहून धरले. तिला वाटले, माझे डोके फिरले.

घरी आल्यावर सासूबाईंना मी सगळे सांगितले. "अगं, मी काय तुला खाल्लं असतं?" एवढेच म्हणाल्या. त्याहून त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

गोदूला दीड महिना पाय हलवायची मनाई होती. गोधडी मी माळ्यावर फेकली होती, हातात सुई धरणार नाही म्हणून शपथ घेतली होती. राहिलेले शिंपी टिपून देईल, असे हे म्हणाले. गोदू ऐकेना.

"मग मी काय करू? नुसती पांघरू? मला दे ना शिवायला."

आठ दिवस मी टाळले. शेवटी पोरीचा तो कोमेजलेला चेहरा बघवेना. गोधडी खाली आणली, सुई ओवून दिली आणि तिच्या मनगटावर हात ठेवून बसले. टोक कापडात शिरताना दर वेळी मी तिचे मनगट घट्ट धरी. तिचे टाके वाकडे, एक लांब, एक तोकडा. चौथ्या ओळीला मी पलीकडच्या कडेला दुसरी सुई घातली. आठ-दहा टाक्यांनंतर माझा हात आपोआप चालायला लागला. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

शेवटचा कोपरा तिने शिवला. गाठ मारली आणि सवयीने गोधडी माझ्या तोंडापुढे धरली. "आई, तोड."

कात्री शेजारीच होती. पण मला ना दात लावता आले, ना कात्री. मी नुसती सुई काढून घेतली आणि दोरा तसाच ठेवला.

गोदू आता कल्याणला सासरी असते, दोन मुलांची आई आहे. जिना चढताना उजवा पाय किंचित जड पडतो, बाकी काही नाही. ती गोधडी तिच्याबरोबर सासरी गेली, मी तिला पुढे दोनदा नवे अस्तर घातले. तिचे धाकटे मूल कोपऱ्याचा निळा दोरा बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपत नाही. मागे मी गेले होते तेव्हा तिच्या जावेने तो लोंबणारा दोरा पाहिला आणि कापायला कात्री उचलली.

गोदूने तिचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली, "तो माझ्या आईचा आहे."