तिरफळाची बी

आज पेडण्याच्या बाजारात माशांच्या कालवणात घालायच्या ओल्या तिरफळांचा वास आला आणि माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

तेव्हा मी डिचोलीच्या शाळेत शिकवायचे. आम्हा तिघी शिक्षिकांना खाण्याचं वेड. दर शनिवारी दुपारी आपापल्या हातचं घेऊन एकीच्या घरी जमायचो. त्या दिवशी मी बांगडा माशांची, तिरफळं घातलेली उडदमेथी नेली होती. सोलापूरहून लग्न होऊन आलेली अंजली कौतुकाने जेवत होती. अचानक तिने गळा धरला. श्वास आत जाईना, डोळे पांढरे व्हायला लागले.

"अगो बाय, हिने तिरफळाची बी चावली!" आमच्यातली तिसरी, सर्वण गावची सुलभा ओरडली आणि रिक्षा आणायला धावली.

बी चावली की श्वास कोंडतो; तिरफळं बाजूला काढून जेवायचं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून मी सांगितलंच नव्हतं. मी तिची पाठ चोळत राहिले. घरी वाट बघणारी तिची दोन वर्षांची मुलगी डोळ्यांसमोरून हलेना.

मग एकदाचा एक लांब, खरखरीत श्वास आत गेला. अंजली रडली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, कालवण मात्र झकास झालंय."

रिक्षा घेऊन परत आलेली सुलभा दारातच हसत खाली बसली. मला हसू आलं नाही. आजही नव्या माणसाला वाढताना मी एकेक तिरफळ वेचून काढते, तरी त्याचा पहिला घास उतरेपर्यंत पाण्याचा तांब्या धरून शेजारी उभी राहते.