लाभ, दोन, तीन

आमच्या कोयनानगरच्या शाळेत शनिवारी दप्तर न्यायचं नसतं. त्या दिवशी कुणाचे तरी आई नाहीतर वडील येऊन मुलांना काहीतरी शिकवतात. एकाच्या वडिलांनी धरणाच्या पाण्यापासून वीज कशी होते ते सांगितलं, एकीच्या आईनं राख्या करून घेतल्या. आपली पाळी कधी येणारच नाही, असं मी धरून चालले होते. मला येतं काय? भाकरी, धुणं आणि मेंढरं राखणं.

तर एके दिवशी गणिताच्या बाईंनी मला फाटकाशीच गाठलं.

"ताई, येत्या शनिवारी तुम्ही या. सहावीला विभाजक आणि मूळ संख्या चालू आहेत. चिंचोक्यांच्या ओळी लावून घ्यायच्या, बस. तुमच्याकडे गावाकडचे चिंचोके असतातच."

"आवं बाई, मी सहावीतनं शाळा सोडल्याली हाय."

"मग सहावीचंच तर शिकवायचंय," असं म्हणून त्या हसल्या.

मला हसू आलं नाही. पण त्या बाईंना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. जतकडनं आम्ही लेकीच्या वडिलांच्या कामासाठी इथं आलो तेव्हा लेकीचा दाखला आला नव्हता. बाईंनी तिला त्याच दिवशी वर्गात बसवलं आणि मला खुर्ची दिली. शाळेत मला खुर्ची कुणी दिली, ती पहिलीच वेळ. माझी स्वतःची शाळा सुटली ती मेंढरांपायी. दिवाळी झाली की आमचा कळप पाण्याकडं निघायचा. त्या साली आई आजारी होती, म्हणून मीच बरोबर गेले आणि परत वर्गात बसलेच नाही.

लेकीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला.

"तू बाईंना सांग, ताप आलाय."

"ताप न्हाई मला."

"मग आण की."

तिचं दुखणं मला ठाऊक होतं. बोली तशी इथल्याही गावांत आमच्यासारखीच, पण आमच्या बोलण्याला कानडी हेल आहे आणि धरणाच्या वसाहतीतली मुलं आहे-नाही करून बोलतात. तीही तसंच बोलायला शिकली होती. घरात मी 'आये', शाळेजवळ आलो की 'मम्मी'. फाटकाशी मी तोंड उघडलं की ती माझं बोट दाबायची. मला राग यायचा नाही, भीती वाटायची. या पोरीनं मोठ्या मुश्किलीनं इथं पाय रोवलेत, आणि आपण एका शनिवारी ते उपटून टाकू.

"निदान आहे-नाही तरी म्हण," ती म्हणाली. "आणि गाणं म्हटल्यासारखं बोलू नकोस."

मग भाकऱ्या थापताना माझा पाठ चालू. आहे. नाही. बसतात. बसत नाहीत. मध्येच मांडणीवरची भांडी किणकिणली आणि मी पिठाच्या हातानं दाराकडं पळाले. इथं जमिनीचे असे बारीक हिसके बसतातच. शेजारीण दारातच उभी होती, तिचा चहाही हिंदकळला नव्हता. "काही नाही हो वहिनी," म्हणाली. माझ्या मनात आलं, जमीन हलली तर मला पळता येतं, शनिवारी कुठं पळू?

शनिवारी बाई मागच्या भिंतीशी जाऊन बसल्या. लेक तिसऱ्या ओळीत, तोंड खिडकीकडं. मी चिंचोके वाटले.

"बारा घ्या," मी म्हणाले. "सारख्या ओळी लावा. कुठली ओळ लांब नको, कुठली आखूड नको."

मुलं लागली कामाला. कुणी दोन ओळी लावल्या, कुणी तीन, कुणी चार. मला जरा धीर आला. मग सात घ्यायला सांगितले. थोड्या वेळानं एक मुलगा म्हणाला, "काकू, हे बसतच नाहीत. एकच लांब ओळ होते, नाहीतर सगळे एकाखाली एक."

"बसायचाच न्हाई त्यो," माझ्या तोंडून निघून गेलं. "आडेल बकऱ्यावानी हाय. किती बी हाकला, जोडीनं चालायचा न्हाई."

वर्ग हसला. 'आडेल सात, आडेल सात' असं सुरू झालं. पाच आडेल आहे का, अकरा आहे का, अशी मुलं आपापली लावून बघायला लागली. पण ती साताला हसली का मला, ते मला कळेना. लेक अजून खिडकीतच बघत होती.

मग मी फळ्याकडं वळले आणि चूक केली.

आमच्याकडं खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. माझे वडील, आप्पा, तसं मोजायचे, मीही तसंच मोजते, भाकरीसुद्धा. मुलांनी लावलेल्या ओळी मी मोठ्यानं तशाच मोजल्या आणि बाराचे विभाजक लिहिले: दोन, तीन, चार, सहा, बारा. साताचा लिहिला सात. पहिल्या ओळीला मी लाभ म्हणाले होते, आणि लाभ काही फळ्यावर लिहायचा आकडा नव्हे. तो धान्य घरात येतानाचा शकुन. माझ्या मनात काही खटकलंसुद्धा नाही.

पुढच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. "काकू, पुस्तकात मूळ संख्येला दोन विभाजक असतात. तुमच्या साताला एकच आहे."

मी फळ्याकडं बघितलं. एकच होता. पुन्हा मोजावं म्हणून मी सुरुवात केली, "लाभ, दोन..."

"लाऽभ, दोऽन, तीऽन," मागनं एकानं माझा हेल जसाच्या तसा काढला.

आता हसू कुणाला होतं ते नक्की कळलं. बाई अर्ध्या उठल्या. आणि त्यांच्याआधी माझी लेक उठली. मला वाटलं, ही आता बाहेर जाणार. जाऊ दे, मी मनात म्हटलं, तिनं काय म्हणून सोसायचं?

ती फळ्यापाशी आली. माझ्या हातातला खडू घेतला.

"आये, लाभ म्हंजी एकच की गं. त्यो बी लिवायचा."

अगदी आमच्या घरातला आवाज, त्याच हेलात. तिचं हे बोलणं त्या वर्गात कुणी ऐकलेलंच नव्हतं. तिनं बाराच्या विभाजकांत दोनाच्या आधी एक लिहिला, साताच्या विभाजकांतही एक लिहिला. मग मागच्या त्या मुलाकडं वळली.

"हसतोस काय रं? तू लाव की साताच्या दोन सारख्या ओळी. लाव, बघतो आमी."

त्यानं खरंच लावायला घेतल्या. एक चिंचोका उरला. त्यानं तो मुठीत लपवला, तर शेजारच्यानं त्याची मूठ उघडून दाखवली.

"मग एकाचं काय?" तो हट्टानं म्हणाला. "तोपण आडेलच."

"एकाला त्यो एकटाच विभाजक. मूळला दोन लागत्यात," लेक म्हणाली. मग तिचं लक्ष बाईंकडं गेलं आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "लागतात."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही बरोबर आहे."

शाळा सुटल्यावर ती माझ्या पुढं चालत होती. वर्गात जे झालं ते रागानं झालं, आता घरी जाऊन रडेल, सोमवारी शाळेत जायचं नाही म्हणेल, असं एकेक माझ्या मनात यायला लागलं.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले.

"चुकलं की."

पुढच्या ओळीतली ती मुलगी सायकलवरून शेजारी आली. "बाई म्हणाल्या, पटीतल्या संख्या पण तुझी मम्मी शिकवणार. खरं?"

बाई मलाही जाता जाता तसं म्हणाल्या होत्या. लेकीला सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. मी खाली बघून चालत राहिले.

"आये यील की," लेक म्हणाली.

सायकल पुढं गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "पर आधी घरात माज्यासमोर शिकवून दाखवायचं. सगळं. आन् फळ्यावर मी लिवनार."

मी बरं म्हणाले. आणि बाईंच्या वर्गापेक्षा या घरच्या वर्गाचीच धास्ती जास्त, म्हणून चालता चालता घोकायला लागले: लाभ म्हणजे एक, लाभ म्हणजे एक.