वणांसकट

मी सहा वर्षांची असताना मला देवी आल्या. जीव वाचला, पण तोंडभर वण राहिले. आईनं भिंतीवरचा आरसा काढून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. तिनं ते मायेनंच केलं, पण मी त्यातून एवढंच शिकले, की हे तोंड बघण्याजोगं नाही. चाकणजवळच्या आमच्या गावात कुठंही कार्य असलं, की मी चुलीपुढं बसायची. तिथं धूर असतो, कोणी निरखून बघत नाही. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा आत्या म्हणाली, "हिला मागल्या दारी बसवा." तिनं सांगायच्या आधीच मी उठले होते.

पुढं दादाला चिंचवडला काम लागलं आणि त्याच्या भाकऱ्या थापायला मी त्याच्या खोलीवर राहायला आले. स्टेशनच्या पलीकडं औषधाच्या बाटल्या बनवणारा एक लहानसा कारखाना निघाला होता. तिथं बायकांना घेत होते. मला झाडलोटीचं काम मिळालं. बाकीच्या बायका खिडकीखाली बसून बाटल्या उजेडाला धरत, तडा गेलेली बाजूला काढत. त्यांच्यामागून केर काढताना मला उभ्याउभ्या तडे दिसायचे. पण ते काम आपण मागावं, असं कधी मनातही आलं नाही.

मग मालकांनी सगळ्यांना फाटकावर दाखवायला फोटोचे पास द्यायचं ठरवलं. फोटोवाला आवारात आला. मी पदर पुढं ओढून उभी राहिले, तर तो हळूच म्हणाला, "ताई, पदर मागं घ्या. काळजी करू नका, छापायच्या आधी फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवतो. एक वण दिसायचा नाही."

मला केवढा आनंद झाला! मी हसून मान डोलावली. पास हातात आला तेव्हा त्यावर एक गुळगुळीत गालांची बाई होती. मी तो दादालाही दाखवला. तो नुसता "हं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा पहारेकरी होता. त्यानं पास बघितला, माझ्याकडं बघितलं.

"ही तू न्हाईस."

"मीच हाय."

"दुसरीचा पास घिऊन आलीस व्हय? हो बाजूला."

अर्धा तास मी उन्हात उभी. बायका आत जात होत्या, वळून बघत होत्या, एकीला हसू आवरेना. शेवटी आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंनी येऊन मला आत नेलं. मला वाटलं होतं, रडू येईल. आला तो संताप. माझ्याच कामावर मला येऊ देत नव्हते, आणि कारण काय, तर पासावर मी नव्हते! आणि मला तिथून पुसायला मीच हसून मान डोलावली होती.

सुट्टीच्या दिवशी मी फोटोवाल्याचं दुकान गाठलं.

"पुन्हा काढा. ह्या बारीला पेन्सिल फिरवायची न्हाई."

"अहो ताई, चांगला तर आलाय."

"चांगला आलाय, पन माझा न्हाई आला."

पदर खांद्यावर टाकून मी त्या काळ्या पेटीकडं रोखून बघितलं. फोटो आला तो मी खोलीच्या दारात बसून कितीतरी वेळ बघत राहिले. वण होते, सगळे होते. पण एवढी वर्षं मी ज्या भयंकर तोंडाला लपवत फिरले, ते तिथं कुठंच नव्हतं. एक रागावलेली, धडधाकट बाई होती.

सोमवारी नव्या पासासाठी तो फोटो बाईंच्या हातात देऊन मी म्हणाले, "मला बाटल्या तपासायला बसवा."

त्यांनी दहा बाटल्या पुढं ठेवल्या. मी तीन बाजूला काढल्या. तडा गेलेल्या दोनच त्यांना ठाऊक होत्या. तिसरी फिरवून फिरवून बघितली, तेव्हा त्यांना केसाएवढा तडा दिसला.

"इतके दिवस का नाही विचारलंस?"

"वाटलं, तुमी न्हाई म्हनाल."

"मी कधी म्हटलं?"

त्यांनी खरंच कधी म्हटलं नव्हतं. मीच त्यांच्या वतीनं रोज म्हणत होते.

दोनेक महिन्यांनी मुंबईहून मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. हेडक्लार्क माझ्याजवळ आले. "तेवढा वेळ तुम्ही गोदामात बसा. इथं दुसरी कोणी बसेल. जरा बरं दिसतं."

मी विचारलं, "तिला तडा दिसतो का?"

त्यांनी गोदामाकडं बोट दाखवलं.

"मग साहेबांच्या हातात फुटकी बाटली गेली तर बरं दिसंल का? मी हितनं उठनार न्हाई."

उठले नाही. पाहुणे आले. त्यातल्या एकानं मी बाजूला काढलेली बाटली उचलली आणि हिच्यात काय वाईट आहे म्हणून विचारलं. मी ती उजेडाला धरून तडा दाखवला. त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही, माझं लक्ष बाटलीकडं होतं. हेडक्लार्क आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले.

पुढं कित्येक वर्षं मी त्याच खिडकीखाली बसले आणि नव्या पोरींना शिकवलं. आत्यानं एकदा नातीला तिथं कामाला लावून द्यायला चिठ्ठी पाठवली. मी कळवलं, पाठवून दे, पण तिला पुढच्या दारानं यायला सांग.