हळदीच्या हातांची गिटार

दादाचा फोन आला तेव्हा मी वाशीमला शाळेत, दहावीच्या वर्गावर होते. शाळेच्या वेळेत दादा कधी फोन करत नाही. करायचाच झाला तर मंदावहिनी करायची, तोही मधल्या सुट्टीत, आणि सुरुवात ठरलेली असायची, ‘‘मास्तरीणबाई, पोरायले रागावून झालं असंन तं बोलू काय?’’ त्यामुळे स्क्रीनवर दादाचं नाव दिसलं तेव्हाच मला कळलं. तो एवढंच म्हणाला, ‘‘ये.’’ केनवडला पोचले तर अंगणात माणसं उभी होती, आत बाया वहिनीभोवती बसल्या होत्या. मी तिच्या पायाशी जाऊन बसले. रडू यायच्या आधी नजर गेली ती कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या तिच्या गिटारवर. खिडकीतून ऊन येत होतं आणि गिटारच्या सहाच्या सहा तारा लखलखत होत्या, अगदी कालच लावल्यासारख्या... मला त्या चमकणाऱ्या तारांचा राग आला. का आला, ते सांगायचं तर तिच्या लग्नापासून सांगावं लागेल.

वहिनीचे वडील मूर्तिजापूरला एका बँड पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. दोन मुलं होती त्यांना, पण कान लेकीचा चांगला होता, म्हणून गिटार लेकीच्या हातात दिली. लग्नात रुखवत मांडलं तर कुरड्या, पापड, लोणच्याच्या बरण्या, लोकरीचं तोरण आणि या सगळ्याच्या मधोमध ती लाल गिटार! आमच्याकडच्या बाया पापड सोडून तिच्याभोवतीच गोळा झाल्या. ‘‘हे काय व माय? कायले लागते हे?’’ माझ्या मावशीनं विचारलं. वहिनीच्या वडिलांनी हात जोडले, ‘‘बाई, बाकीचं इथंच राह्यलं तरी चालते, पण हे पोरीसंग जाईन.’’ सगळ्यांनी माझ्या आईकडं पाहिलं. आईनं थोडा विचार केला आणि विचारलं, ‘‘पोरीले सैपाक येते ना?’’ ‘‘येते.’’ ‘‘मंग येऊ द्या तिलेबी.’’ गिटारला तिनं ‘तिलेबी’ म्हटलं हे वहिनीनं आयुष्यभर लक्षात ठेवलं. आईशी भांडण झालं की ती तेच आठवून गप्प बसायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आता विज्ञान शिकवते. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते, आणि सांगताना वहिनीचं नाव घेतल्याशिवाय थांबत नाही. परीक्षेच्या दिवसांत आई मला चुलीकडं हाक मारायची तेव्हा वहिनी मध्ये पडायची. ‘‘वाचू द्या तिले, मी हाये ना.’’ ती स्वतः दहावीपर्यंत शिकलेली. पुस्तकांतलं तिला काही विचारायचं नसायचं, फक्त मी दार लावून बसले की घरात कुणी मोठ्यानं बोललेलं तिला खपायचं नाही. माझ्या वाटचं वरण, माझ्या वाटची भाजी, सगळं तिनं केलं. त्यातली हळद, मीठ, तिखट तिच्या बोटांना लागलं आणि बोटांवरून गिटारच्या तारांना.

आमच्या गल्लीतल्या बायांचं भजनी मंडळ दर गुरुवारी दुपारी चारला देवळात बसतं. वहिनी गिटार घेऊन तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा मंडळाच्या मुख्य शांताकाकू भडकल्या. ‘‘देवापुढं इजेचा बाजा लावतं काय व? देवाले करंट मारतं काय?’’ वहिनी म्हणाली, ‘‘काकू, तुमचा माईक कायच्यावर चालते?’’ बाया पदरात हसल्या. काकूंनी एका अभंगापुरती परवानगी दिली. देवळाच्या स्पीकरला वायर जोडून वहिनीनं टाळांच्या खालून इतकं हळू वाजवलं, की गिटार वाजते आहे हे कळायच्या आधी भजन भरल्यासारखं वाटू लागलं. नेमकी मध्येच लाईट गेली. स्पीकर बंद पडला, पण वहिनी वाजवतच राहिली. इलेक्ट्रिक गिटारचा विजेविना आवाज तो केवढा... किणकिण नुसती. तो ऐकू यावा म्हणून टाळवाल्या बायांनी टाळ हळू केले, मग गाणाऱ्यांनी आवाज खाली आणला, आणि शेवटी सगळं मंडळ कुजबुजल्यासारखं गात होतं. भजन संपल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘पुढच्या गुरुवारी लवकर येजो. वायर लावाले येळ लागते तुले.’’

पण वहिनीचं खरं दुखणं होतं तारांचं. नवीन तारांचा जोड लावला की पंधरा-वीस दिवस छान वाजायचा, मग आवाज बसायचा. खालच्या बारीक तारांवर गंजाचे ठिपके यायचे, वरच्या जाड तारांच्या वेढ्यांत हळद-पिठाचं किटण बसायचं. तिच्या वडिलांच्या तारा तीन-तीन महिने चालायच्या. ‘‘बाबा कुठं फोडणी देत होते,’’ ती म्हणायची. मी तिला फळ्यापुढं उभी राहून सांगावं तसं सांगितलं, की घामातलं मीठ आणि ओल मिळून लोखंडाला गंज चढवतात, तेव्हा हात धुऊन, कोरडे करून वाजव. ती हात धुवायचीच. पण भजनाला ती नेमकी भाजी टाकूनच निघायची, आणि नखांत बसलेली हळद कोणत्या साबणानं निघते?

एकदा मी तिला वाशीमला घेऊन गेले. एका जैन शेटजींचं दुकान होतं, पुढं पितळी भांडी आणि मागच्या बाजूला पेट्या, टाळ, गिटारच्या तारा. शेटजींनी एक पाकीट पुढं केलं. ‘‘ताई, ही कोटिंगवाली घ्या. घाम लागो, तेल लागो, सहा महिने पाहणं नाही.’’ वहिनी म्हणाली, ‘‘टिकते तं लोखंडाचं दारबी, शेटजी. वाजते कशी ते सांगा.’’ शेटजींनी दुकानातल्या गिटारवर त्या तारा चढवलेल्याच होत्या. वहिनीनं वायर न लावता, कान लाकडाला टेकवून एकेक तार छेडली. तिची परीक्षा हीच असायची. लाईट गेल्यावर जी तार टाळांमधून ऐकू येईल, ती तिची. तिनं मान हलवली. ‘‘तोंडावर पदर घेऊन गाल्यासारखं वाटते.’’ ‘‘म्हणजे मर्यादेत राहते, चांगलंच की!’’ शेटजी हसले. ‘‘मर्यादेत राहाले घरी मी हाये ना, तारबी कायले पायजे?’’ शेटजींनी तेव्हापासून तिला बसायला खुर्ची द्यायची पद्धत ठेवली.

मी विज्ञानवाली, मी स्टेनलेस स्टीलच्या तारांचा आग्रह धरला. त्या गंजणार नाहीत हे मी छातीठोकपणे सांगितलं आणि त्या गंजल्या नाहीतच. पण आवाज फार टोकदार निघाला. शांताकाकूंनी पहिल्याच गुरुवारी विचारलं, ‘‘आज गिटार कोणासंग भांडून राह्यली व?’’ शेवटी वहिनी ठरली ती निकेलचा मुलामा दिलेल्या साध्या तारांवर, दहा नंबरच्या जाडीच्या. नऊ नंबरची तार तिच्या मते कुरडईसारखी, जोर दिला की मोडते. दहाची बोटाला थोडी लागते, पण आवाजाला अंग असतं. ‘‘लवकर खराब होते तं होऊ दे,’’ ती म्हणाली, ‘‘हाये तवरक गोड बोलते ना.’’ माझ्या विज्ञानाचा उपयोग तिनं दुसरीकडं करून घेतला. जादा पाकिटं दमट हवेत खराब होऊ नयेत म्हणून मी चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून दिल्या. त्या आणि पाकिटं एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा मसाल्यांच्या फळीवर. पाहुणे चहा करायला गेले की साखर समजून तोच उघडायचे.

आणि दादा. दादाला गाता येत नाही, टाळसुद्धा लयीत धरता येत नाही. तो शेतातून यायचा आणि देवळाबाहेर पारावर भजन संपायची वाट पाहत बसायचा. वहिनी घरी आली की गिटार त्याच्या हातात द्यायची आणि चुलीकडं वळायची. मग दादा दारामागच्या खिळ्यावरचं फडकं काढायचा, त्याच्याच जुन्या धोतराचं, आणि एकेक तार चिमटीत धरून वरून खालून पुसायचा. फडक्यावर पिवळ्या रेघा उमटायच्या. तो दर वेळी तेच म्हणायचा, ‘‘हात धुऊन जात जाय व.’’ आणि आतून दर वेळी तेच उत्तर यायचं, ‘‘धुतले होते!’’ नवराबायकोंत प्रेमाचं बोलणं मी आमच्या घरी कधी ऐकलं नाही. हेच काय ते ऐकलं.

मागच्या वर्षी तिला पोटाचं दुखणं निघालं. अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. चुलीपुढं बसणं बंद झालं, स्वयंपाकाला शेजारची बाई येऊ लागली. वहिनी ओसरीत बाजेवर बसून थोडंथोडं वाजवायची. दिवाळीनंतर मी तिला नव्या तारा चढवायला मदत केली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा गेले तेव्हा तिनं गिटार माझ्यापुढं धरली. ‘‘पाह्य कशा चमकून राह्यल्या. तुह्या कोटिंगवाल्याबी इतक्या टिकल्या नसत्या.’’ ती हसली. मला आधी बरं वाटलं, मग समजलं. दादा तिथंच उभा होता, फडकं हातात घेऊन. त्यानं तारा पुसल्या आणि फडकं पाहिलं. त्यावर काहीच आलं नव्हतं. वहिनी म्हणाली, ‘‘आवाज तसाच हाये, खणखणीत. पण दुसऱ्याची गिटार मागून आणल्यावानी वाटते मले...’’ मी निघाले तेव्हा तिनं फळीवरच्या डब्याकडं बोट केलं. ‘‘दोन पाकिटं हायेत अजून त्याच्यात. संपवजो.’’ मला तिनं तीनच सूर शिकवले होते, तेही सुट्ट्यांत, चुकतमाकत. मी म्हटलं, ‘‘तूच संपव.’’ आमची ती शेवटची भेट.

म्हणून त्या दिवशी मला त्या चकचकीत तारांचा राग आला. तिचे हात कामातून गेले होते म्हणून त्या टिकल्या होत्या.

तेरवी झाली आणि दादानं गिटार तिच्या शालीत गुंडाळून कपाटावर ठेवली. गुरुवारचं भजन पुन्हा सुरू झालं. शांताकाकू स्वतः घरी आल्या. ‘‘पेटी हाये, टाळ हायेत, पण खालून कोणी धरत नाही बाप्पा आमाले. वाजवू दे कोणाले तरी.’’ दादा म्हणाला, ‘‘नाई काकू. तिनं लावलेल्या तारा हायेत त्या. वाजवल्या तं खराब होतीन, मंग बदलाव्या लागतीन.’’ काकू तोंडाला पदर लावून परत गेल्या. त्यानंतर कुणी विषय काढला नाही. मलाही त्याचं पटत होतं. माणूस गेल्यावर एवढं तरी तसंच राहावं असं कुणाला वाटणार नाही? पण डब्याकडं केलेलं तिचं बोट मला झोपू देईना.

मग एका गुरुवारी मी शाळेतून सुट्टी घेऊन केनवडला गेले. दुपारी वांग्याची भाजी केली, भाकरी टाकल्या. दादा जेवला, ताट सरकवलं. मी फळीवरचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला आणि झाकण उघडलं. ‘‘दादा, दोन पाकिटं हायेत अजून.’’ तो पाकिटांकडं पाहत राहिला. वहिनीनं कागदावर पेनानं मोठा दहाचा आकडा काढला होता, घाईत कुणी चुकीचं लावू नये म्हणून. मग म्हणाला, ‘‘तुले म्हणाली होती, नाही? संपवजो म्हणून.’’ ‘‘हो.’’ तो उठला, स्टुलावर चढला आणि शालीसकट गिटार खाली घेतली.

तारा सुरातून उतरल्या होत्या. मी खुंट्या पिळू लागले, पण माझा कान शाळेतल्या घंटेपुरता. दादा पाटावर बसून ऐकत होता. ‘‘अजून थोडी,’’ तो म्हणाला. मग, ‘‘आता जास्त झाली.’’ इतकी वर्षं पारावर बसून त्यानं तिचं तारा लावणं ऐकलं होतं, आणि आपल्याला ते येतं हे त्यालाही ठाऊक नसावं. चार वाजले. मी गिटार घेऊन देवळात गेले. तीन सुरांवर जेवढं भजन बसतं तेवढं बसवलं. मध्ये चुकले तर शांताकाकू गाता गाताच डोळे वटारून म्हणाल्या, ‘‘मास्तरीणबाई, पोरायले शून्य देतं ना?’’ आणि लगेच पुढची ओळ त्यांना काही म्हणता येईना. बाकीच्या बायांनी ती उचलली.

बाहेर आले तर दादा पारावर होता. आम्ही घरी आलो. त्यानं दारामागचं फडकं काढलं आणि एकेक तार चिमटीत धरून पुसली, वरून, खालून. मग फडकं उजेडात धरलं. जुन्या फिकट डागांच्या शेजारी एक ताजी पिवळी रेघ होती. तो किती तरी वेळ ती पाहत बसला. म्हणाला, ‘‘हात धुऊन जात जाय व...’’

‘‘धुतले होते,’’ मी म्हटलं.

आता दर गुरुवारी शाळेतले तास सकाळीच उरकून वाशीमहून निघते, भाजी टाकते आणि देवळात जाते. गिटारच्या दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीपाशी तारा काळवंडू लागल्या आहेत. या महिन्याच्या शेवटी पहिलं पाकीट फोडावं लागेल.