अकरा ठिपक्यांचा नकाशा

"काटा खोटें बोलत नाहीं. बोलतो तो माणूस," असं म्हणून ते मीटरच्या काचेवर नखानं दोनदा टकटक करत. ऐकणाऱ्यानं चप्पल काढून उभं राहावं, इतकं ते वाक्य गंभीर होतं. माझ्या गाडीचा काटा त्या वेळी चाळीसवर होता. गाडी इमारतीखाली उभी होती, इंजिन बंद होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा आजारी आहे," ते म्हणाले. "खोटें वेगळें, आजार वेगळा."

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये त्यांना सगळे रावजी म्हणत. ते त्यांचं नाव नव्हे. तिथे कुठलाही मराठी माणूस रावजीच असतो. बँकेच्या बदलीनं पुण्याहून आलेला मीही आठवड्याभरात झालो. फरक एवढाच, की ते तंजावरकडचे होते. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्ही इथें येऊन किती झालें?"

"दोन वर्षं. तुम्ही?"

"तीनशें," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

तांबरमच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं दाबाची आणि वेगाची मापकं दुरुस्त केली होती. निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांची मीटरं काढून, बरी करून परत बसवायचे. घरी एकटेच असत. कोइमतूरची लेक दर रविवारी फोन करून 'आता पुरे, इकडे या' म्हणे.

"मी तिला शब्द दिला आहे," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "काढलेलें मीटर ज्या दिवशीं मला बसवतां येणार नाहीं, त्या दिवशीं पेटी बंद. दुसऱ्या दिवशीं गाडींत बसतों."

"मग ती वाट बघत असेल."

"बघूं दे पा. कोइमतूरला ती दुसरें काय करणार?"

मीटर काढायची त्यांची रीत तुम्ही पाहायला हवी होती. आधी बॅटरीची तार सोडवायची. मग खिशातून तांदळाच्या पिठाची डबी काढून जमिनीवर डॅशबोर्डचं चित्र काढायचं. खडू का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, चेन्नईच्या घामट सिमेंटवर खडू उठत नाही. निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रातल्या आपल्या जागी, पिठाच्या ठिपक्यावर ठेवायचा. शेवटी मीटरमागे हात घालून, डोळे मिटून, वेगाची केबल सोडवायची आणि मीटर दोन्ही हातांनी बाहेर घ्यायचं, न्हाऊ घातलेल्या बाळासारखं.

मला हे सगळं नाटकी वाटे. अकरा स्क्रूंसाठी नकाशा! बँकेत आम्ही याहून मोठे घोटाळे नकाशाशिवाय निस्तरत असू.

माझ्या गाडीचं मीटर निघालं तो मार्गळीतला रविवार होता. त्या महिन्यात गल्लीतल्या बायका पहाटे उठून दारापुढे कोलम, म्हणजे पिठाची ठिपक्यांची रांगोळी, घालतात आणि सात वाजता दुसऱ्यांच्या कोलमांतल्या चुका काढत हिंडतात. रावजींनी काट्याची आत गुंतलेली स्प्रिंग सोडवली, काटा शून्यावर येऊन बसला. आम्ही खुशीत वर कॉफी प्यायला गेलो.

खाली आलो तेव्हा गाडीशेजारी नकाशाच्या जागी एक सुरेख कोलम होतं. सात ओळी, वळणं अशी की नजर फिरत राहावी. बाजूला स्टीलच्या पेल्यात अकरा स्क्रू. तळमजल्यावरच्या मामी कमरेला पदर खोचून उभ्या होत्या.

"कोणी हो घातलं होतं ते?" मामी तमिळमध्ये कडाडल्या. "ओळ नाही, जोड नाही, ठिपक्यांवर खिळे! मार्गळीत, माझ्या दारासमोर!"

रावजी पायरीवर बसले. प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की जुनं प्लास्टिक तडकतं, आणि त्या गाडीचं दुसरं मीटर आता मिळत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. पण त्यांचा चेहरा प्लास्टिकसाठी उतरला नव्हता.

"तुम्हाला आठवत असेलच की," मी म्हणालो. "इतकी वर्षं..."

"हातांत असतें तोंवर आठवतें," ते हळू म्हणाले. "खालीं ठेवलें कीं गेलें. दोन वर्षें झालीं. पीठ काय मी हौसेनें आणतों?"

बँकेतले विनोद अशा वेळी उपयोगी पडत नाहीत.

मामींनी विचारलं, काय झालं? मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं: नकाशा होता, तो गेला, आता रावजींना कोइमतूरला जावं लागणार. मामींनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू दोघांनी मिळून दूध उतू घालवलंय.

"एवढंच? सरका."

त्या उकिडव्या बसल्या. चिमटीतून पीठ सोडत त्यांनी कोरड्या जागेवर ठिपका दिला, मग दुसरा. वर चार, डावीकडे दोन, एक उगाचच खाली, बाकीचे वाकडे. अकरा झाले. मग पेला उपडा केला. "काळा इथे. लांबडा इथे. डोकं झिजलेला तो कोपऱ्यात."

"खात्री आहे?" मी विचारलं.

"चाळीस वर्षं ठिपके घालतेय. सरळ असतं तर विसरलेही असते. इतकं वाईट कोलम जन्मात विसरणार नाही."

रावजींनी एकेक स्क्रू उचलला, बोटांत फिरवला, लावला. अकराही बसले. एकही अडला नाही. गल्लीतून चक्कर मारून आलो, काटा व्यवस्थित वरखाली झाला.

"बसवलें मीच," ते मामींना म्हणाले.

"मग मी काही म्हटलं का?" मामी म्हणाल्या.

त्यानंतर तीन वर्षं मामींनी एकही मीटर निघताना चुकवलं नाही. गाडी आली की स्टूल घेऊन बसायच्या, नाक मुरडत ठिपके बघायच्या. "आज तर कालच्यापेक्षा घाण." रावजी मान डोलवायचे, "सेरी, सेरी," आणि नकाशा मुद्दाम थोडा आणखी वाकडा काढायचे.

मग एके दिवशी ते स्वतःच माझ्याकडे आले. मामी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, शेजारच्या गल्लीत काम निघालं होतं. पीठ होतं, ठिपके होते, स्क्रू जागेवर होते.

"नकाशा समोर होता," ते म्हणाले. "पण कसला नकाशा, तें कळेना. मालकानें बसवलें. मी सांगत होतों असें दाखवलें." थोडं थांबून म्हणाले, "शब्द दिलेला आहे."

मामी लग्नाहून परत येईपर्यंत ते थांबले, तेवढंच. स्टेशनवर आम्ही दोघं गेलो होतो. मामींनी दहीभाताचा डबा दिला आणि डबा परत पाठवायला बजावलं. गाडी सुटली तशा त्या फलाटावरच्या पंख्याकडे बघत राहिल्या. मीही पंखाच बघितला.

पंधरा दिवसांनी त्यांच्या लेकीचा फोन आला. नवरा आंघोळीला गेलेला असताना बाबांनी त्याच्या गाडीचं मीटर काढून ठेवलं होतं, आणि आता ते बसवता येत नव्हतं. तिला मामींचा नंबर हवा होता.