सेलूला न ऐकलेली तोडी

सेलूला जाऊ नका, असं लिहायला बसले होते. दोन परिच्छेद लिहिले आणि खोडले. जा. जानेवारीत तिथं सलग तीन सकाळी शास्त्रीय संगीताच्या बैठका होतात. माईक नसतो, कलाकार दहा हातांवर असतो. असं ऐकणं मोठ्या शहरांतही आता मिळत नाही. फक्त चपला काढताना पायरीवर कोण बसलंय ते बघा. मी याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा बघितलं नव्हतं.

मी व्याख्यानं देत गावोगाव फिरते. विषय बहुतेक वेळा एकच, समता. यंदा मधे पाच दिवस मोकळे मिळाले, म्हणून नांदेडहून दुपारची गाडी धरली. पूर्णा, परभणी, मानवत रोड करत संध्याकाळी सेलू. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर लॉज आहे. खोली साधी, गरम पाणी बादलीनं. जेवणाला शेजारच्या खानावळीत येसराची झणझणीत आमटी आणि ज्वारीची भाकरी. बाई वाढताना विचारत नाही, तिसरी भाकरी ताटात पडतेच.

बैठक भरते कापसाच्या जुन्या जिनिंगमधल्या गोदामात. तीन बाजूंना रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या, मधे सतरंज्या. त्या गाठी प्रतिध्वनी पिऊन टाकतात, म्हणून तंबोऱ्याची तार हलली तरी मागच्या माणसाला कळतं. सात ते दहा अशी वेळ. दहाला शेजारची यंत्रं सुरू होतात आणि मग समोरचा ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून उशिरा आलेल्या कलाकारालाही दहालाच थांबावं लागतं.

पहिल्या सकाळी मी लवकर पोचले. दारात, पायरीवर, एक म्हातारा सनई वाजवत होता. शेजारी त्याची बायको सूरपेटी धरून. लोक येत होते, चपला काढत होते, त्याच्या अंगावरून आत जात होते. एकानं त्याच्या पिशवीजवळच बूट ठेवले. मी लवकर आले होते म्हणून थांबले, एवढंच. माझं त्यात मोठेपण काही नाही.

लिंबाजीमामा ताडकळसचे. बायको गयाबाई.

"किती वर्षं वाजवता इथं?"

"पंचवीस वरीस झाले, ताई. पायरीवरच."

"आत कधीच नाही?"

गयाबाई हसली. "आत गेलेत की. सतरंज्या झटकायला."

मग मामांनी सांगितलं. पायरीवर वाजवायचं ते फक्त शुभाचं, दोन-दोन मिनिटांचं. येणाऱ्याला थांबवायचं नसतं. पण कार्यक्रम सुरू झाला की ते दाराशी बसून ऐकतात. पंचवीस वर्षं ऐकून ऐकून तोडी बसवली, सगळी. ती एकदा आत बसून, समोर बसलेल्या माणसांना ऐकवायची होती. वीस मिनिटं, जास्त नाही.

"मग पुढच्या वर्षी..."

त्यांनी ओठ वर केला. पुढचे दोन दात बोटानं हलवून दाखवले. "हे जायलेत. डाक्टर म्हनला, काढावं लागतेत. दात गेले की फुंक धरत न्हाई. हेच वरीस हाय."

मी तडक समितीच्या चिटणिसांकडे गेले. सज्जन माणूस, सुगंधी, पांढरा झब्बा.

"ताई, परंपरा आहे. सनई दारातच शोभते."

"त्यांचे दात चाललेत."

"मग कवळी बसवा म्हणावं!" आजूबाजूचे चारजण हसले. "बघू, पुढच्या वर्षी नक्की."

आमच्या भागात सनई कोणत्या घरातली माणसं वाजवतात, हे कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. आत बसलेल्यांना कोमल ऋषभ कुठं लागला ते कळतं, त्यावर माना डोलतात. पंचवीस वर्षं दारात बसलेला माणूस काय ऐकून उठतो, याची चौकशी एकानंही केलेली नाही. दोन दिवस मी हे गिळत राहिले. गायन उत्तम झालं, बासरी उत्तम झाली. सकाळी स्टॅंडवर मिळणारी सुशीला, कांदा घालून परतलेले मुरमुरे, तीही उत्तम. मला काहीच गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सतारवाल्या कलाकारांची गाडी लेट झाली. साडेसात झाले, पावणेआठ झाले. चिटणीस दारात येऊन म्हणाले, "लिंबाजी, वाजवत राहा. लोकांना उठू देऊ नको."

मी आत उठून उभी राहिले. "लोकांना बसवायचं तर त्यांनाच आत बसवा की!"

मागून एक म्हातारे मास्तर म्हणाले, "बरोबर हाय." मग आणखी दोघं. चिटणिसांना समोर दोनशे माणसं दिसत होती. "या, या, लिंबाजीराव," ते म्हणाले. पंचवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच 'राव'.

मामा आत आले. सतरंजीच्या कडेला थबकले, मग पांढऱ्या बैठकीवर बसले. गयाबाईनं सूर धरला. मामांनी सनईच्या तोंडाला लावायची पत्ती काढून ओठांत धरली. ती ओली झाल्याशिवाय बोलत नाही.

तेवढ्यात मी पुढं जाऊन म्हणाले, "सुरू करण्याआधी फक्त दोन शब्द."

मी बोलले. पायरीवर बोलले, दातांवर बोलले, कवळीच्या विनोदावर बोलले. माणसाची फुंक चालते, सूर चालतो, मग त्याचं बूड का चालत नाही, असं विचारलं. टाळ्या पडल्या. टाळी पडली की मला थांबता येत नाही. आयुष्यभर नाही आलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

सगळे उठले. कलाकार आले, हार आले, सतारीची पेटी आली. "लिंबाजीराव, जरा सरका," चिटणीस म्हणाले, तेही अगदी नम्रपणे. दहाला यंत्रं सुरू झाली.

पायरीवर मी हात जोडले. गयाबाई सूरपेटी कापडात बांधत म्हणाली, "लय चांगलं बोललाव, ताई. तेवढ्यात यांचा आलाप झाला असता."

दुसऱ्या दिवशी परभणीला उतरून पालमची एसटी धरली आणि ताडकळसला गेले. घर विचारत पोचले. चहा झाला. म्हटलं, मामा, इथं वाजवा, मी ऐकते, पुरी तोडी ऐकते.

"इथं कशाला? इथं तर रोजच वाजवतो." त्यांनी कप खाली ठेवला. "मला तिथं वाजवायचं व्हतं."

मी पूर्णेहून नांदेडची गाडी पकडली. पंधरा दिवसांनी फोन केला, तेव्हा दात काढून झाले होते. बोलताना 'स' नीट येत नव्हता.

चिटणिसांवरचा राग गेलेला नाही, जाऊही देणार नाही. पण तो माणूस तरी अडवून बसला होता, हे दिसत होतं. मी तर बाजू घेत होते.

कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. तो फिरतोय. सतरा मिनिटांचा आहे. अभिनंदनाचे फोन येतात, दोन संस्थांनी तेच भाषण आमच्याकडे करा म्हणून बोलावलंय. तुमच्याकडे आला तर आवाज बंद करून बघा. माझ्या मागं मामा दिसतात. पत्ती ओठांत. मधे काढतात, बघतात, पुन्हा ओली करतात. पुन्हा. चौदाव्या मिनिटाला ती धोतराच्या सोग्याला पुसतात आणि डबीत ठेवतात. हॉर्न त्यानंतर वाजतो.